खेळात ‘मी’ कोण होऊ शकतो

डेव्ह आर्नेसन यांच्या खेळात एक व्हँपायर फार माजला होता. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या परिसरात, १९७१ पासून आर्नेसन आणि त्यांची मित्रमंडळी ‘ब्लॅकमूर’ नावाच्या कल्पित मुलखात खेळत असत. त्यांतल्या एका खेळाडूचं पात्र व्हँपायर झालं, सर फँग या नावानं गाजू लागलं आणि बघता बघता कुणालाच आवरेना. मग त्याच्या बंदोबस्तासाठी एक नवंच पात्र घडवण्यात आलं: चिलखत घालणारा, शस्त्र चालवणारा आणि हातातल्या पवित्र चिन्हाच्या जोरावर मुडद्यांना पळवून लावणारा धर्मगुरू. हॅमर कंपनीच्या ब्रिटिश भयपटांत पीटर कुशिंग यांनी रंगवलेला व्हॅन हेल्सिंग त्याच्यामागे उभा होता. माइक कार हे तो खेळले. जानेवारी १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांचं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापून आलं, तेव्हा त्यात तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि हा क्लेरिक.

आज क्लेरिक म्हणजे पार्टीतला, म्हणजे पात्रांच्या टोळीतला, मलमपट्टीवाला. कुणीतरी घ्यायलाच हवा म्हणून एखाद्याच्या गळ्यात पडणारा. पण जन्माच्या वेळी तो चांगलाच विक्षिप्त होता. एका टेबलावरच्या, एका व्हँपायरवरचा तो इलाज होता. या पुस्तकात ज्या आडवळणाच्या क्लासेसची ओळख करून दिली आहे ते सगळे त्याच्याच गोत्रातले. कुठल्यातरी टेबलावर कुणालातरी काहीतरी व्हायचं होतं, आणि हाताशी असलेल्या यादीत ते नव्हतं.

हा खेळ कधीच न खेळलेल्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक डीएम, म्हणजे डंजन मास्टर. तो जग उभं करतो, त्यातली माणसं आणि संकटं बोलून दाखवतो. बाकीच्यांकडे प्रत्येकी एक पात्र. काय करायचं ते खेळाडू सांगतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे पडतात. पात्राचा क्लास म्हणजे त्याचं काम, त्याची विद्या, त्याला काय जमतं आणि काय जमत नाही याचा हिशेब. लेव्हल म्हणजे अनुभवगुण जमवत तो त्यात चढत जातो ती पायरी. पण खरी गंमत बोलण्यात आहे. टेबलावर बसलेलं कुणी ‘माझं पात्र दार उघडतं’ असं म्हणत नाही. ‘मी दार उघडते,’ म्हणतं. ‘मी मागं थांबतो, तू कंदील धर,’ म्हणतं. तीन-चार तास माणूस दुसऱ्या कुणाबद्दल तरी ‘मी’ हा शब्द वापरतो. म्हणून क्लासेसची यादी ही नुसती नियमांची यादी नसते. त्या जगात कोणाकोणाला ‘मी’ म्हणता येईल, कोणाच्या डोळ्यांनी ते जग बघण्यासारखं आहे, हे ती यादी ठरवत असते. मला विचित्र क्लासेसचं मोल वाटतं ते यासाठी. ते ही यादी रुंद करतात.

१९७४ च्या त्या तीन पुस्तिकांपैकी पहिलीतच यासाठी एक दार उघडं ठेवलेलं होतं. खेळाडूला जवळजवळ काहीही होता येईल, अट एवढीच की सुरुवात दुबळेपणापासून करावी. ड्रॅगन व्हायचं असेल तर आधी पिल्लू व्हावं, अशा अर्थाचा एक छोटा परिच्छेद तिथे आहे. माझ्या मते त्या तीन पुस्तिकांतला सर्वांत उदार परिच्छेद तोच. पाचच वर्षांत वारं फिरलं. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये गायगॅक्स यांनी राक्षसी पात्रं खेळण्याविरुद्ध सविस्तर बाजू मांडली: हे जग माणसाच्या मापानं बेतलेलं आहे, आणि अशी पात्रं मागणाऱ्यांना बहुतेकदा फुकटची ताकद हवी असते. त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता. पण त्या भूमिकेची किंमतही होती. एका बाजूला ‘मी’ होऊ शकणारे आणि दुसऱ्या बाजूला मारले जाण्यासाठी असलेले, अशी भिंत उभी राहिली.

त्या भिंतीच्या पलीकडे आपलंही एक नाव होतं. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ‘राक्षस’ आला तो वाघाच्या डोक्याचा, रूप बदलून माणसं खाणारा प्राणी म्हणून, आणि त्याला मारण्याचा उपाय म्हणजे मंत्रवलेला क्रॉसबोचा बाण. १९८० च्या ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये इंद्र, अग्नी, काली यांची आकडेवारी छापली गेली, म्हणजे पुरेशी लेव्हल असेल तर त्यांच्याशीही दोन हात करता यावेत. आपल्याकडच्या कथा या खेळात पहिल्यांदा शिरल्या त्या अशा, समोर उभं करायला. त्यातून ‘मी’ म्हणता येण्यासारखं कुणी घडलं नाही. २०२२ च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’मध्ये मूळच्या कोलकात्याच्या लेखिका मिमी मंडल यांनी बंगालच्या मातीतून एक मुलूख रचला, तोवर बराच काळ गेला होता.

पण सत्तरच्या दशकातलं ते पहिलं भरतं विलक्षण होतं, आणि ते बहुतांशी वाचकांनीच आणलं. कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकात ‘एअरो हॉबीज’ हे दुकान चालवणारे गॅरी स्विट्झर यांनी आपल्याकडे खेळल्या जाणाऱ्या चोराची हकीकत गायगॅक्स यांना फोनवर सांगितली. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत चोर अधिकृत झाला. त्याच वर्षी जो फिशर यांचा रेंजर ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या छोट्या नियतकालिकात छापून आला, तो कुणाच्या प्रेमातून जन्मला हे टोल्किन वाचलेल्याला सांगायला नको. पीटर अ‍ॅरॉन्सन यांचा इल्यूजनिस्ट तिथलाच. १९७६ मध्ये डग श्वेगमन यांनी बार्ड आणला, त्यात उत्तरेचे स्काल्ड, केल्टांचे भाट आणि दक्षिण युरोपातले गवई एकत्र मिसळले होते. दोन वर्षांनी ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये त्याच बार्डचं काय झालं ते बघा. आधी लढवय्या म्हणून निदान पाच लेव्हली चढायच्या, मग ते सोडून चोर व्हायचं, चोर म्हणून पुन्हा पाच लेव्हली, आणि त्यानंतर कुठे ड्रुइडांकडे शिकायला जाऊन गाणं सुरू. गायक व्हायला अर्धं आयुष्य दुसरीच कामं करायची. हे पुस्तकाच्या परिशिष्टात छापलं होतं, आणि नियम म्हणून ते भलतंच किचकट आहे. तरीही त्यातून एक जीवनचरित्र आपोआप तयार होतं, आणि पहिल्याच लेव्हलला हातात वीणा देणाऱ्या आजच्या सुटसुटीत बार्डपेक्षा मला त्याचं आकर्षण अधिक वाटतं.

‘प्लेयर्स हँडबुक’मधलेच मंक आणि ड्रुइड हे दोन क्लास जरा थांबून बघण्यासारखे आहेत. दोघांच्याही वरच्या लेव्हलींवर जागा मोजक्या. बाराव्या लेव्हलचे ड्रुइड जगात नऊच असू शकतात, त्यांच्यावर तीन आर्चड्रुइड, आणि सर्वांच्या वर एकच ग्रेट ड्रुइड. मंकांमध्ये तर एका टप्प्यानंतर प्रत्येक पायरीवर एकेकच गुरू. कुणी उत्तरवाऱ्याचा, कुणी हिवाळ्याचा, आणि सतराव्या पायरीवर फुलांचा महागुरू. वर चढायचं तर पुरेसे अनुभवगुण जमून भागत नाही. त्या जागेवर बसलेल्याला शोधून काढायचं, त्याच्याशी लढायचं. हरलात तर एक लेव्हल खाली.

आता हा नियम टेबलावर काय करतो ते पाहा. लढवय्याची नववी लेव्हल ही त्याची स्वतःची बाब असते. कागदावर आकडा बदलला की झालं. मंकाची नववी लेव्हल मात्र कुणाची तरी आहे. त्या माणसाला नाव लागतं, त्याचा मठ कुठे आहे ते लागतं, तो भला आहे की दुष्ट हे ठरवावं लागतं. भला असेल तर त्याला खाली खेचताना खेळाडूला काय वाटतं हा प्रश्न येतो. एका खेळाडूनं मंक निवडल्याबरोबर डीएमला जगभरातल्या मठांची एक अख्खी उतरंड रचावी लागते. क्लास खरोखर वेगळा आहे का हे ओळखायची माझी कसोटी हीच. तो आल्यावर जगाला थोडं सरकून त्याला जागा करून द्यावी लागली का? नुसतं तलवारीऐवजी काठी आणि दोनाऐवजी तीन वार, एवढाच फरक असेल तर तो जुनाच क्लास नव्या कपड्यांत आला आहे.

‘ड्रॅगन’ मासिकाचे १९७६ नंतरचे अंक अशा नव्या क्लासेसनी भरलेले होते. १९८० मध्ये अँटि-पॅलडिन आला, १९८२ मध्ये विदूषक आला. शिवाय किमयागार, चेटकीण, लेखनिक, बक्षिसासाठी माणसं पकडणारा. त्यांतल्या कित्येकांवर ‘फक्त डीएमच्या पात्रांसाठी’ असा शिक्का असे. म्हणजे विदूषक तुम्हाला दरबारात भेटू शकतो, पण तुम्ही विदूषक होऊ नये. खेळाडूंनी तो शिक्का फारसा मनावर घेतला नाही, आणि बरंच झालं. अधिकृत यादीत शिरलेल्या १९८५ च्या बार्बेरियनची गोष्ट याच्या उलट. त्याला जादूचा इतका तिटकारा की जादूच्या वस्तू फोडल्याबद्दल त्याला अनुभवगुण मिळत, आणि सुरुवातीच्या लेव्हलींना जादूगाराच्या सोबतीनं चालणंसुद्धा त्याला मंजूर नसे. कथेत असा माणूस झकास. पण टेबलावर शेजारच्या खुर्चीत जादूगार बसलेला असतो, आणि त्यालाही संध्याकाळ घालवायला मजा हवी असते. जगाला सरकायला लावणं वेगळं आणि मित्राला खुर्चीवरून उठवणं वेगळं.

अटलांटिकच्या पलीकडे, इंग्लंडमध्ये, १९८६ साली या सगळ्याला एक वेगळंच उत्तर मिळालं. गेम्स वर्कशॉपच्या ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’मध्ये क्लासेसच्या आत ‘करिअर्स’ होती, आणि ती फाशांवर ठरत. तुम्ही शूर सरदार व्हायच्या तयारीनं बसलेले असायचात आणि फासे सांगायचे: नावाडी. किंवा कोळसा भाजणारा, टोलनाक्यावरचा कारकून, थडगी उकरणारा, चिथावणीखोर वक्ता. या शेवटच्याच्या सामानात शस्त्राबरोबर पत्रकांचा गठ्ठाही असे. आणि या सर्वांचा राजा म्हणजे रॅट कॅचर, उंदीर पकडणारा. त्याच्या सामानाची यादी या खेळाच्या चाहत्यांना तोंडपाठ असते: सापळे, गोफण, मेलेले उंदीर टांगलेली काठी आणि एक लहानसा पण खुनशी कुत्रा.

हा कुत्रा पुढे दंतकथाच होऊन बसला. पण उंदीर पकडणाऱ्याचं खरं मर्म कुत्र्यापेक्षा खोल आहे, आणि ते त्या जगाच्या रचनेत आहे. वॉरहॅमरच्या जगात मोठमोठ्या शहरांच्या पोटात स्केव्हन राहतात: माणसाएवढे, दोन पायांवर चालणारे, कारस्थानी उंदीर. त्यांचं साम्राज्य भुयारांतून दूरवर पसरलेलं आहे. आणि वर राहणारी शहाणीसुरती माणसं ठामपणे म्हणतात की स्केव्हन ही भाकडकथा आहे. प्राध्यापक म्हणतात, सरदार म्हणतात, नगरशेट म्हणतात. आता या शहरात गटारात रोज कोण उतरतं? एखाद्या बोळात सापडलेली पावलं उंदराची म्हणावीत तर फार मोठी आहेत, हे कुणाला कळतं? शहरावर येऊ घातलेल्या संकटाची पहिली खबर ज्याला लागते त्याचं ऐकून घ्यायला कुणी तयार नसतं, कारण त्याच्या कपड्यांना वास येतो. एका क्लासमधून अख्खी कथा निघते, तीही न लिहिता. सरदार घेऊन खेळलात तर हीच कथा तुम्हाला बाहेरून दिसेल; उंदीर पकडणारा घेतलात तर ती तुमच्या अंगावर येते. मुंबई महापालिकेच्या सेवेत रात्रपाळीला उंदीर मारणारे कामगार आहेत. शहर झोपलेलं असताना त्याचं पोट कसं दिसतं हे त्यांना जेवढं ठाऊक असेल तेवढं मंत्रालयात बसणाऱ्याला असणं शक्य नाही.

वॉरहॅमरच्या २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत एक छान तरतूद आहे. फाशांनी पहिल्या फटक्यात दिलेलं करिअर मुकाट्यानं स्वीकारलं तर ५० अनुभवगुण जास्तीचे मिळतात. हवं ते निवडायचं तर त्या गुणांवर पाणी सोडायचं. जे आपण स्वतःहून कधीच निवडलं नसतं ते होऊन बघण्याचा हा मोबदला आहे.

हाच धागा त्याआधीच, २०१२ च्या ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’नं टोकाला नेला होता. तिथे सुरुवातीला क्लासच नसतो. प्रत्येक खेळाडूला दोन ते चार गावकरी मिळतात, फासे टाकून त्यांचा धंदा ठरतो, आणि ही सगळी जत्रा पहिल्याच तळघरात शिरते. बहुतेक मरतात. जो वाचतो त्याला पहिली लेव्हल आणि क्लास. धंद्याच्या यादीत शेतकरी आहे, चीज करणारा आहे, कोंबड्या कापणारा आहे, आणि शौचकूप उपसणारा ‘गाँगफार्मर’ आहे. त्याच्या हातात खुरपं आणि पाठीवर मैल्याचं पोतं. अमेरिकन टेबलावर हे पोतं हमखास हशा पिकवतं. तिथे तो धंदा इतिहासजमा झाला आहे. आपल्याकडे तो संपलेला नाही. १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे झाले, तरी गटारात उतरलेली माणसं गुदमरून मरतात, आणि ती कोणत्या जातींची असतात हे सगळ्यांना माहीत आहे. मराठी टेबलावर फाशांनी हा धंदा दिला तर काय करायचं याचं माझं उत्तर पक्कं आहे: तो वगळू नये, आणि त्यावर हसूही नये. त्या गावकऱ्याला नाव द्यावं, घर द्यावं, गावाबद्दल त्याला जे दिसतं ते दिसू द्यावं. या खेळात फासे धंदा देतात आणि दोन तासांत तो माणूस स्वतःच्या हिमतीवर जादूगार किंवा योद्धा होतो. आपल्या गावगाड्यानं शतकानुशतकं नाकारलेली गोष्ट टेबलावर एवढी सहज घडते, ती घडताना नीट बघायला हवी.

आता अशा क्लासकडे वळतो ज्याच्यावर माझा फार जीव आहे आणि जो खेळायला बसलं की हमखास फसतो. २००६ च्या ‘टोम ऑफ मॅजिक’मधला ट्रूनेमर. कल्पना अशी: प्रत्येक वस्तूचं आणि जिवाचं एक खरं नाव असतं, ते अचूक उच्चारता आलं तर त्याच्यावर सत्ता चालते. अर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ मधल्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’नं ही कल्पना आधुनिक वाचकांच्या मनात रुजवली होती. जिथे नामस्मरण घराघरांत चालतं, मंत्राचा एक स्वर चुकला तर फळ उलटतं असं मानलं जातं, तिथल्या वाचकाला हा क्लास परका वाटणारच नाही.

पण हिशेब मांडा. समोरच्याचं खरं नाव उच्चारायला वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपलं कौशल्य मिळवायचं, आणि बेरीज एका ठरावीक आकड्यापर्यंत पोचवायची. तो आकडा म्हणजे १५ अधिक शत्रूच्या ताकदीच्या आकड्याची दुप्पट. शत्रू १ ताकदीचा असेल तर १७, दहाचा असेल तर ३५, विसाचा असेल तर ५५. तुमचं कौशल्य मात्र दर लेव्हलला एकानंच वाढतं. पहिल्या लेव्हलला कौशल्याचे ४ आणि बुद्धीचे ४ असे ८ धरले, तर फाशावर ९ पडले की काम झालं. दहाव्या लेव्हलला कौशल्य १३, बुद्धीचे ५, एकूण १८, लागतात १७. विसाव्या लेव्हलला कौशल्य २३, बुद्धीचे फार तर ८, एकूण ३१. लागतात २४, आणि फाशावर वीसच्या पुढे काही नसतं. त्यात एकदा साधलेला उच्चार त्याच दिवशी पुन्हा करायचा तर आकडा आणखी दोनानं वाढतो. म्हणजे जादूचे ताईत वगैरे गोळा केले नाहीत तर साधक जितका शिकत जातो तितका मुका होत जातो. आयुष्यभर शब्दाची साधना करणाऱ्याला शेवटी शब्दच फुटेनासा व्हावा, ही एखाद्या कादंबरीची उत्तम कल्पना आहे. पण ती मुद्दाम योजलेली नव्हती, आकडेमोडीत घडलेली होती. क्लास हे खेळाडूला दिलेलं वचन असतं, आणि ते पाळण्याची जबाबदारी गणितावर असते. या पुस्तकात ट्रूनेमरचा दुरुस्त केलेला तक्ता दिला आहे तो यासाठी. त्या क्लासला एकदा तरी नीट बोलू दिलं पाहिजे.

जपानमधून आलेला ‘र्‍यूतामा’ हा अत्सुहिरो ओकादा यांचा २००७ चा खेळ. त्यात सात क्लास: गवई, व्यापारी, शिकारी, वैद्य, शेतकरी, कारागीर, उमराव. योद्धा नाही, जादूगार हा क्लास नाही. हा खेळ प्रवासाचा आहे. सकाळी उठल्यावर आज तब्येत कशी आहे त्याचा फासा, दिवसभराच्या चालीचा फासा, वाट चुकली की नाही त्याचा, रात्रीच्या मुक्कामाचा. अशा जगात शेतकरी हा पार्टीतला आधारस्तंभ होतो. तो काटक असतो, त्याच्या जनावरांच्या दाणापाण्याचा खर्च लागत नाही, आणि जोडधंदा म्हणून दुसऱ्या क्लासचं एखादं कसबही त्याच्या हातात असतं. खेळाचा विषय बदलला की नायक बदलतो, हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसत नाही.

जे ड्रॅगन यांच्या २०२१ च्या ‘वाँडरहोम’मध्ये तर फासेच नाहीत. युद्ध संपून गेलेल्या एका शांत देशात प्राण्यांच्या रूपातली माणसं गावोगाव हिंडतात. कुणी मेंढपाळ, कुणी कवी, कुणी पतंगांमार्फत पत्रं पोचवणारा. आणि एक ‘व्हेटरन’, माजी सैनिक. त्याच्या कमरेला तलवार आहे. ती तो कधीही उपसू शकतो. उपसली की समोरचा हमखास मरतो, आणि त्याच क्षणी व्हेटरनचं पात्र खेळातून कायमचं बाद होतं. एवढा एकच नियम. हल्ला चुकत नाही, फासा नाही, वाद नाही. महिनोन्‌महिने चाललेल्या खेळात ती तलवार म्यानातच राहते, आणि टेबलावरच्या प्रत्येकाला ती दर सेशनला दिसत असते. हजार प्रकारच्या तलवारबाजीचे नियम छापलेल्या जाडजूड पुस्तकांना जे सांगता आलं नाही ते या एका नियमानं सांगितलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

डॅनियल सेल यांच्या ‘ट्रॉयका’तली छत्तीस पात्रं, त्यांतला न ऐकणारी पण भुकेपोटी जवळच घुटमळणारी माकडं घेऊन फिरणारा माकडविक्या आणि माणूसपणाला कंटाळून मेंदूचा पुढचा भाग काढून घेतलेला झोअँथ्रोप, ‘इलेक्ट्रिक बॅस्टियनलँड’मधले शंभराहून अधिक फसलेले धंदे आणि सगळ्या पार्टीच्या डोक्यावर असलेलं एकच भलंमोठं कर्ज, ‘मोर्क बोर्ग’मधली मोडकळलेली राजघराण्यातली पोरं: यांच्याबद्दल पुढच्या प्रकरणांत आहे. तिथेच वाचावं. त्यांची मजा त्यांच्या तपशिलांत आहे, आणि प्रस्तावनेत ती उरकणं बरं नव्हे. दुसरीकडे, डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये बारा क्लास घेऊन आली आणि अधिकृत यादीत भर पडली ती २०१९ मधल्या एकट्या आर्टिफिसरची. मोठ्या कंपनीला जपून चालावं लागतं. धाडस बाहेरच्या छोट्या पुस्तकांतून येतं.

पुण्यात, मुंबईत, ठाण्यात, आणि मराठी मुलं शिकायला-नोकरीला गेली त्या शहरांत हा खेळ आता चांगलाच रुळला आहे. कॅरेक्टर शीट इंग्रजीत, बोलणं मराठीत. पण पात्रं बहुतेक पुस्तकातलीच. म्हणून मला आमच्या टेबलावरच्या एका खेळाडूनं रचलेल्या ‘पिंगळ्या’बद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. उजाडण्याआधी कंदील घेऊन दारोदार येणारा, पिंगळा पक्ष्याची बोली कळते म्हणणारा हा भविष्य सांगणारा. क्लासचा नियम असा: पहाटे, कुणी तळ सोडण्याआधी, पिंगळ्यानं आजच्या दिवसाबद्दल डीएमला एक प्रश्न विचारावा, डीएमनं खरंच सांगावं. पण ते भविष्य ज्याचं आहे त्याच्या दारात जाऊन ते बोलून दाखवावं लागतं, आणि त्यानं मूठभर तरी दान घातलं तरच ते खरं ठरतं. स्वतःसाठी काही विचारता येत नाही. सूर्य वर आला की विद्या बंद. या नियमानं आमची पार्टी पहाटे उठायला लागली. गाव टाळून जाणारे लोक गावात थांबायला लागले, कारण दारं गावात असतात. एका सावकाराला त्याच्या घरावर दरोडा पडणार हे सांगायचं होतं आणि तो चिंगूस दान घालायला तयार नव्हता. ते सेशन निम्मं त्याच्या उंबऱ्यावर रंगलं, तलवार एकदाही बाहेर न येता.

पिंगळा ही आज हयात असलेली, भटक्या समाजातली माणसं आहेत. त्यांच्यावरून क्लास रचताना कंदील तेवढा उचलला आणि बाकी मनचं भरलं असं चालणार नाही. आपल्याकडच्या राक्षसाचं जे झालं ते आपणच दुसऱ्याचं करायचं कारण नाही. त्या खेळाडूनं आधी माहिती काढली, मग नियम लिहिले, आणि नियमाचा गाभा दानावर ठेवला तो म्हणूनच.

तुमच्या टेबलावर कुणी असलं काही मागितलं तर एक प्रश्न विचारा: आता आपण ज्या गावात आहोत तिथे हा माणूस उद्या सकाळी काय करत असेल? उत्तर लगेच आलं तर शीट काढा आणि पहिली लेव्हल लिहून टाका. दुसऱ्या लेव्हलचे नियम पुढच्या सेशनपर्यंत दोघांना मिळून सुचतात, आणि आकडे जुळतात की नाही ते ट्रूनेमरच्या प्रकरणातल्या तक्त्याशी ताडून बघता येतं.